हूडू, मुळ्या आणि सुइणी : अमेरिकेतल्या काळ्या बायकांची 'जादू' नेमकी काय होती?

मीठमोहरी

साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर जुन्या घरांच्या ओसरीचं छत आतून फिकट निळं रंगवलेलं असतं. रंगाच्या दुकानात या छटेला 'हेंट ब्लू' म्हणतात. हेंट म्हणजे भटकं भूत. निळा रंग त्याला पाण्यासारखा दिसतो आणि पाणी ओलांडणं त्याला जमत नाही, म्हणून ते दाराबाहेरच राहतं, अशी इथल्या गल्ला-गीची लोकांची समजूत. भात, नीळ आणि कापूस पिकवायला आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून आणलं, त्यांचे हे वंशज. आता तोच रंग गडगंज लोकांच्या बंगल्यांवर असतो आणि मालकांना विचारलं तर 'त्याने गांधीलमाश्या पोळं करत नाहीत' असं शास्त्रीय उत्तर मिळतं.

त्या रंगावरून वाचत सुटले आणि हूडूपर्यंत पोचले. याला कोणी कॉन्जर म्हणतं, कोणी रूटवर्क. ताप उतरवणारा काढा, नवरा घरी परतावा म्हणून लाल फ्लॅनेलच्या कापडात बांधलेली मोजो पिशवी, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून चघळायची मुळी, बाळंतपण, बायबलमधली स्तोत्रं... सगळं एकाच बाईकडे. सिनेमात मात्र ही बाई दोनच रूपांत भेटते. एक तर बाहुलीला टाचण्या टोचणारी चेटकीण, नाहीतर गोऱ्या नायिकेला शहाणपण शिकवून मरून जाणारी म्हातारी.

माझं मत असं, की तिच्याकडे औषध आणि तोडगा असे वेगळे कप्पे नव्हतेच. ते पाडले बाहेरच्यांनी. आधी मळेवाल्यांनी, मग डॉक्टरांनी, मग लोककथा गोळा करणाऱ्यांनी. पटतं का? आणि या कामात बायका इतक्या पुढे कशा? जाणकारांनी लिहावं. भारतातल्या अंधश्रद्धांवरचा हा धागा नाही, एवढी विनंती.

खवट_म्हातारा

शेवटच्या वाक्यामुळे धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलो आहे.

बेयूकाठ

न्यू ऑर्लिन्समध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून आधी एक गुंता सोडवतो. वूडू आणि हूडू एकच नव्हेत. हैतीतला व्होडू हा रीतसर धर्म आहे. त्यात देवता आहेत, पुजारी-पुजारिणी आहेत, दीक्षा आहे, सामुदायिक पूजा आहे. १८०९-१० मध्ये क्यूबामार्गे हैतीचे नऊ हजारांवर निर्वासित न्यू ऑर्लिन्सला उतरले आणि तिथल्या आधीच्या आफ्रिकी परंपरेत त्यांची भर पडली. हूडूला ना देऊळ, ना पुरोहित. करणारे बहुतेक बाप्टिस्ट किंवा मेथडिस्ट, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. बऱ्याच कल्पना काँगो भागातून आलेल्या, काही वनस्पती इथल्या मूळ रहिवाशांकडून शिकलेल्या, आणि मंत्रांची एकदोन पुस्तकं चक्क जर्मन. टाचण्यांची बाहुली ही मुख्यतः युरोपातल्या चेटकाची चीज. हॉलिवूडने आणि पर्यटकांच्या दुकानांनी ती न्यू ऑर्लिन्सच्या गळ्यात बांधली.

आता मारी लाव्हो. हिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १८०१, म्हणजे गुलामगिरीच्या ऐन काळात, पण ही स्वतंत्र काळ्या कुटुंबातली. कॅथलिक. १८१९ मध्ये लग्न झालं, नवरा गेला, मग क्रिस्तॉफ ग्लॅपियन या गोऱ्या माणसाबरोबर तिने संसार केला. कायद्याने त्यांना लग्न करता येत नव्हतं. ती केशभूषा करायची असं सांगतात. श्रीमंत बायकांच्या घरात शिरकाव, मोलकरणींशी ओळखी, आणि मग 'बाईंना मनातलं कळतं' ही ख्याती. यात जादू किती आणि खबऱ्यांचं जाळं किती, ज्याचं त्याने ठरवावं. पिवळ्या तापाच्या साथींमध्ये तिने रोग्यांची शुश्रूषा केली, फाशीच्या कैद्यांना तुरुंगात जाऊन भेटत असे. १५ जून १८८१ ला ती सेंट अ‍ॅन स्ट्रीटवरच्या घरी वारली तेव्हा वर्तमानपत्रांत दोन्ही सूर उमटले, 'परोपकारी बाई' हाही आणि 'वूडूची राणी' हाही.

तिची कबर सेंट लुई सेमेटरी नंबर वनमध्ये. लोक त्यावर तीन फुल्या काढून नवस बोलायचे. डिसेंबर २०१३ मध्ये कोणीतरी पूर्ण कबर गुलाबी रंगाने रंगवून टाकली. २०१५ पासून परवानाधारक गाइड असल्याशिवाय आत सोडत नाहीत, फक्त तिथे पुरलेल्यांच्या नातेवाइकांना सूट.

पुदिना_चटणी

फुल्या मारून नवस! आणि आपण गडावर 'पप्पू लव्ह पिंकी' लिहितो. (ह. घ्या.)

प्रश्नचिन्ह

धागाकर्तीची विनंती वाचली, तरी लिहितो. वीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलं आहे. शोषितांची असली म्हणून अंधश्रद्धा पवित्र होत नाही. मोजो पिशवीने कोणाचा चाबूक थांबला? आणि हे बाबा-बाया पैसे कोणाकडून घेत होते? त्यांच्याहून गरीब असलेल्यांकडूनच ना?

बेयूकाठ, मारी लाव्होबद्दल एक गोष्ट तुमच्याकडून राहिली. तिने आणि ग्लॅपियनने गुलाम विकत घेतल्याचे आणि विकल्याचे कागद न्यू ऑर्लिन्सच्या दप्तरात आहेत. परोपकारी राणी वगैरे ठीक आहे.

बेयूकाठ

आहेत, मान्य. त्या शहरातल्या बऱ्याच स्वतंत्र काळ्या कुटुंबांकडे गुलाम होते. काही अभ्यासक म्हणतात त्यांनी सोडवण्यासाठी घेतले असतील, पण विकल्याच्या नोंदींना ते उत्तर होत नाही. तिला संत करण्याचा माझा इरादा नव्हता.

वाचनवेडी

प्रश्नचिन्ह, 'चाबूक कोणाचा थांबला' याला एक नाव आहे, फ्रेडरिक डग्लस. स्वतः गुलाम, पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचा मोठा नेता. १८३४ मध्ये वय सोळाच्या आसपास. त्याला एडवर्ड कोव्ही नावाच्या माणसाकडे ठेवलं होतं. बंडखोर गुलामांना 'सरळ' करणारा म्हणून कोव्ही प्रसिद्ध. मार खाऊन पळालेल्या डग्लसला सँडी जेन्किन्स या दुसऱ्या गुलामाने एक मुळी दिली. ती उजव्या अंगाला बाळग, कोणी गोरा तुला मारू शकणार नाही, असं सांगितलं. डग्लसला हा मूर्खपणा वाटला, पण सँडीचं मन राखायला त्याने ती खिशात ठेवली. परत गेल्यावर कोव्हीने हात उगारला आणि डग्लसने पहिल्यांदा त्याचा गळा धरला. जवळजवळ दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोव्हीने त्याच्या अंगाला बोट लावलं नाही.

१८४५ च्या आत्मचरित्रात हे लिहिताना डग्लस गोंधळलेला दिसतो. श्रेय मुळीला द्यायचं नाही, पण मुळीचा उल्लेख गाळायचाही नाही.

प्रश्नचिन्ह

म्हणजे गळा डग्लसने धरला. मुळी खिशातच होती. :)

वाचनवेडी

बरोबर. पण खिशात मुळी नसती तर तो त्या दिवशी परत गेला असता का, हा प्रश्न उरतोच. तुम्ही आणि मी बसल्या जागी त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

सुईणीची_नात

माझी आजी सुईण होती, मी स्वतः सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे या धाग्यात जादूपेक्षा बाळंतपणाबद्दल लिहिते.

अमेरिकेच्या दक्षिणेत या बायकांना ग्रॅनी मिडवाइफ म्हणत. गुलामगिरीच्या काळात मळ्यावरची काळी बाळंतपणं तर त्यांच्याकडे होतीच, मालकिणींचीही पुष्कळदा त्यांच्याकडेच. गुलामगिरी गेली तरी दवाखाने काळ्यांना दारात उभं करत नव्हते, शिवाय डॉक्टरची फी परवडणारी नव्हती. ग्रॅनी फी म्हणून एक कोंबडी किंवा टोपलीभर भाजी घेई, कधी तीही नाही. बाळंतपणानंतर दिवसचे दिवस घरी येऊन धुणं-रांधणं करी ते वेगळंच. कळा 'कापल्या' जाव्यात म्हणून पलंगाखाली सुरी किंवा कुऱ्हाड ठेवायची, वार नीट पुरायची, बाळ डोक्यावर पडदा घेऊन जन्मलं तर त्याला भुतं दिसतील असं सांगायचं. हे सगळं करणारी तीच, आणि आडवं आलेलं मूल हाताने फिरवणारीही तीच. धागाकर्ती म्हणतात ते कप्पे खरंच नव्हते. निदान १९२१ पर्यंत.

त्या वर्षी शेपर्ड-टाउनर कायदा आला. माता-बाल आरोग्यासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला आणि राज्यांनी ग्रॅनींची नोंदणी सुरू केली. महिन्याच्या सभा, पांढरा एप्रन, हात धुण्याचे धडे, बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेट. हे चांगलंच होतं, मी परिचारिका आहे, यावर वाद घालणार नाही. पण त्यांची पिशवी तपासायला गोरी नर्स यायची आणि पिशवीत एखादी मुळी, पाला, तेलाची बाटली सापडली तर परवाना जाऊ शकत होता. मग काही जणींनी दोन पिशव्या केल्या. एक दाखवायची, एक वापरायची.

जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या मेरी कोली यांच्यावर राज्याच्या आरोग्य खात्याने सुइणींच्या प्रशिक्षणासाठी माहितीपट काढला, १९५३ मध्ये. त्यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली. पडद्यावर खरं बाळंतपण दिसतं, आणि कोलीबाई ज्या धीराने बोलतात ते पाहून मला आजी आठवली. जमलं तर जरूर बघा.

अलाबामातल्या ग्रीन काउंटीच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांचाही आकडा तीन हजारांच्या वरच. १९७६ मध्ये अलाबामाने या सुइणींचं कामच बेकायदा ठरवलं. परवाने गेले. ज्या खेड्यांत त्यानंतरही डॉक्टर आला नाही तिथे काय झालं असेल, याची कल्पना मी करू शकते.

मीठमोहरी

सुईणीची_नात, काय प्रतिसाद आहे! दोन पिशव्यांचं वाचून खूप वेळ थांबले.

आडवाट

+१. वाचनखूण साठवली.

पुदिना_चटणी

आता माझा एक खजिना. 'असाफिडिटी बॅग' हा शब्द कोणी ऐकलाय? अमेरिकेच्या दक्षिणेत हिवाळा आला की मुलांच्या गळ्यात एक छोटी पुरचुंडी बांधायचे. काळ्यांच्या घरी आणि गोऱ्यांच्याही. सर्दी, खोकला, गोवर, १९१८ चा फ्लू, सगळ्यावर एकच इलाज. त्या पुरचुंडीत काय असायचं?

हिंग!

आपला, डाळीच्या फोडणीतला, इराण-अफगाणिस्तानातून येणारा हिंग. तो तेव्हा अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात होता, औषधाच्या दुकानात मिळायचा. जुन्या आठवणींमध्ये म्हातारी माणसं एकजात सांगतात, वास इतका भयंकर की वर्गात शेजारी कोणी बसायचं नाही. मला वाटतं त्यामुळेच लागण होत नसावी.

आमच्याकडे बाळाचं पोट दुखलं की बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावतात. अलाबामातल्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती.

खवट_म्हातारा

हिंगामुळे दोन हात अंतर. आरोग्य खात्याला इतकं साधं सुचलं नाही.

कोकणी_फणस

पण मग अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी टिफिन उघडल्यावर नाक मुरडतात ते कोण? त्यांच्या पणजीच्या गळ्यात डबाभर होता!

गोटीसोडा

मधेच विचारतो. सेलमच्या चेटकीण-खटल्यांतली टिटुबाही काळी होती ना? तिनेच मुलींना वूडू शिकवला आणि सगळं सुरू झालं, असं वाचल्याचं आठवतं.

वाचनवेडी

१६९२ च्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 'टिटुबा इंडियन' असा आहे, म्हणजे अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांपैकी. वूडू शिकवल्याचा एकही पुरावा त्यात नाही. ज्या 'चेटूक-भाकरी'वरून बोभाटा झाला, म्हणजे आजारी मुलींची लघवी पिठात कालवून भाजलेली भाकरी, जी कुत्र्याला घालायची होती, ती करायला सांगितलं मेरी सिबली नावाच्या गोऱ्या शेजारणीने. इंग्लंडातला जुना तोडगा. पुढे एकोणिसाव्या शतकापासून लेखक-नाटककारांनी टिटुबाला हळूहळू काळी केलं आणि तिच्या हातात कोंबड्याचं रक्त दिलं. मूळ धाग्यात मीठमोहरी म्हणतात ती सिनेमातली चेटकीण इथूनच चालत येते.

गोटीसोडा

घ्या, म्हणजे भाकरी गोऱ्या बाईची आणि नाव दुसरीचं. धन्यवाद.

थांबून_वाचते

कोणी फारसं लिहिलं नाही त्या बाजूबद्दल. 'बायकाच पुढे का' याचं एक उत्तर कापसाच्या मुळीच्या सालीत आहे.

१६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला, मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप मळ्याचा मालक असला तरी. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा तर प्रत्येक बाळंतपण म्हणजे मालकाच्या संपत्तीत भर. अशा वेळी ज्या झाडाची बोंडं वेचायची, त्याच्याच मुळीची साल उकळून बायका पाळी आणायच्या, गर्भ पाडायच्या. मळेवाले आणि त्यांचे डॉक्टर तक्रारी करायचे की या बायकांकडे काहीतरी गुपित आहे, मुलं का होत नाहीत कळत नाही. नंतर त्याच सालीचा अर्क डॉक्टरांच्या औषधकोशात गेला.

ही माहिती पुरुषांना सांगायची नव्हती, मालकाला तर नाहीच. ती बाईकडून बाईकडे गेली. हे ज्ञान बाहेरच्याला जादू वाटावं, यात त्यांचा फायदाच होता.

आणि दुसरी बाजू कायद्याची. १७४८ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की गुलामाने मालकाच्या संमतीशिवाय कसलंही औषध तयार केलं किंवा दिलं तर देहदंड. विषाची भीती होती त्यांना. म्हणजे प्रश्नचिन्ह म्हणतात तशी ती नुसती भोळी समजूत असती, तर एवढा कायदा कशाला लागला असता?

प्रश्नचिन्ह

हा प्रतिसाद मला पूर्ण पटला, कारण यात जादू नाहीच. ही वनस्पतींची माहिती आहे, तिचा परिणाम मोजता येतो. माझा विरोध तिच्याबरोबर येणाऱ्या लाल पिशवीला आहे. २०१३ मध्ये दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यातही झाडपाल्याच्या औषधाला हात लावलेला नाही. भीती घालून लुबाडणं हा गुन्हा आहे.

थांबून_वाचते

पण लाल पिशवी देणारी आणि साल उकळून देणारी बाई एकच आहे, हीच तर धागाकर्तीची अडचण आहे. तुम्ही ती आज बसून वेगळी करताय.

मटकाकिंग_निवृत्त

लुबाडण्यावरून आठवलं. न्यूयॉर्क-शिकागोत 'पॉलिसी' नावाचा आकड्यांचा जुगार चाले आणि त्यासाठी स्वप्नांची पुस्तकं विकली जायची. स्वप्नात मासा आला तर अमुक आकडे, मढं दिसलं तर तमुक. १८८९ मध्ये असंच एक पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर डोक्याला फडकं बांधलेली काळी 'आंट सॅली' आकडे दाखवतेय. प्रकाशक अर्थात वेगळाच. वरळीच्या मटक्याचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना यातलं काहीही नवीन वाटणार नाही.

खवट_म्हातारा

आयडी बघून प्रतिसाद अपेक्षित होताच.

बेयूकाठ

मटकाकिंग यांच्या मुद्द्याला धरून. १९२० च्या दशकापासून हा पोस्टाने चालणारा मोठा धंदा झाला. मेम्फिस आणि शिकागोतल्या कंपन्या काळ्यांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या. केसांचं पोमेड, पावडर आणि त्याच यादीत नशीब उघडणारं तेल, प्रेमाची धूपकांडी, 'हाय जॉन द कॉन्करर' ही मुळी. मालक बहुधा गोरे, विकणाऱ्या एजंट काळ्या बायका. फसवणुकीच्या कायद्यात अडकू नये म्हणून वेष्टनावर छापायचे 'केवळ कुतूहलाची वस्तू'. ती हाय जॉन मुळी खरं तर जोरदार रेचक आहे. खिशात बाळगायची असते, पोटात नाही, हे बरं.

थोडक्यात, प्रश्नचिन्ह यांना लुबाडणारे शोधायचे असतील तर ते खेड्यातल्या म्हातारीपेक्षा इथे जास्त सापडतील. आता हाच माल इंस्टाग्रामवर मिळतो आणि ज्यांच्या आज्यांची ही विद्या, त्या मुली विचारतात की यातला आमचा वाटा कुठे.

आडवाट

लोककथा गोळा करणाऱ्यांना धागाकर्तीने एका वाक्यात उडवलं, त्यावर हरकत. झोरा नील हर्स्टन विसरलात? स्वतः काळी, फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांनी वसवलेल्या गावात वाढलेली, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसची विद्यार्थिनी. १९२८ च्या सुमारास ती न्यू ऑर्लिन्सला गेली आणि हूडू डॉक्टरांची रीतसर शिष्या झाली. एका दीक्षेत तिला ६९ तास उपाशी, सापाच्या कातड्यावर पालथं झोपावं लागलं. हे १९३५ च्या पुस्तकात तिने लिहिलं आहे. त्यातलं किती शब्दशः घ्यायचं यावर अभ्यासक भांडतात, आणि भांडूदेत. तिची नजर बाहेरची नाही. ती सर्दी-पडशाचे उपाय आणि शत्रूला गाव सोडायला लावायचे तोडगे एकाच आवाजात सांगते.

तिच्या उलट हॅरी हायट. एपिस्कोपल चर्चचा गोरा पाद्री, १९३६ ते १९४० मध्ये ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन दक्षिणेत फिरला, सोळाशेच्या आसपास लोकांना बोलतं केलं आणि पुढे पाच जाडजूड खंड छापले. अफाट काम आहे. पण वाचताना कळतं की समोरची बाई त्याला तेवढंच सांगतेय जेवढं गोऱ्या पाद्र्याला सांगणं सोयीचं.

हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारली, कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर गवतातून वाट काढत तिथे गेली आणि तिने दगड बसवला.

कोकणी_फणस

बायकांचीच मक्तेदारी होती असंही नाही हं. मीठमोहरी राहतात त्याच भागातला, ब्यूफोर्ट काउंटीचा डॉक्टर बझर्ड पुरुषच होता. जांभळा चष्मा लावून कोर्टात येऊन बसायचा, आरोपीच्या वतीने मुळी चघळत. आणि तिथला शेरीफ मॅकटिअर, १९२६ पासून सदतीस वर्षं पदावर, गोरा, तोही स्वतःला रूट डॉक्टर म्हणवायचा! दोघांचं बरीच वर्षं शीतयुद्ध चाललं. शेवटी बिनपरवाना वैद्यकीच्या आरोपाखाली बझर्डला कोर्टात उभं केलं.

पुदिना_चटणी

शेरीफ मांत्रिक आणि मांत्रिक आरोपी. यावर वेबसिरीज का नाही अजून?

सुईणीची_नात

फणस, नावाजलेले पुरुष होतेच. पण नावाजणं वेगळं आणि रोज रात्री कोणाच्या तरी दारी धावणं वेगळं. घरातल्या दुखण्याला कंदील घेऊन निघायची ती बाई. हॅरिएट टबमनचंच घ्या, गुलामांना पळवून नेणारी म्हणून ती सर्वांना माहीत आहे. यादवी युद्धात ती याच ब्यूफोर्टला होती आणि हगवणीने पटापट मरणाऱ्या सैनिकांना मुळ्या उकळून काढे देत होती. या कामाबद्दल सरकारकडून पेन्शन मिळायला १८९९ उजाडलं. महिना २० डॉलर. त्यातले ८ नवऱ्याची विधवा म्हणून, वाढीव १२ तिच्या शुश्रूषेच्या कामाबद्दल.

आता मूळ प्रश्नाकडे. कप्पे कोणी पाडले? मी म्हणेन, ज्यांच्या हातात परवाना होता त्यांनी. आणि त्या काळच्या 'शास्त्रीय' बाजूचं एक चित्रही बघा. १८४५ ते १८४९ दरम्यान अलाबामातल्या माँटगोमेरीत डॉक्टर मेरियन सिम्स गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होता. अनार्का, बेट्सी, लूसी ही तिघींची नावं नोंदली गेली आहेत. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास वेळा. त्याचा न्यूयॉर्कमधला पुतळा २०१८ मध्ये हलवला. अशा डॉक्टरपेक्षा पलंगाखाली सुरी ठेवणारी म्हातारी बरी वाटली, तर ती अंधश्रद्धा की अनुभव?

प्रश्नचिन्ह

सिम्सचं समर्थन कोणीच करणार नाही. पण वाईट डॉक्टरला उत्तर चांगला डॉक्टर हे असतं, सुरी नव्हे. सुरीने कळा कमी होत नाहीत. दवाखाने काळ्यांना बंद होते हा अन्याय, आणि त्यावरचा उपाय दवाखाने उघडणं हाच.

सुईणीची_नात

उघडले ना. २०२२ चे सरकारी आकडे सांगते. दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १९, काळ्या मातांचे ४९.५. दवाखाना आहे, डॉक्टर आहे, भूल आहे. बाई 'मला काहीतरी होतंय' म्हणते तेव्हा ऐकणारं कोण, हा प्रश्न उरला आहे. मला सुरी परत आणायची नाही. पण रात्रभर जी उशाशी बसायची तिला हाकलून तिच्या जागी कोणालाच बसवलं नाही. आता काळ्या डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या बायका, आणि प्रशिक्षित सुइणी पुन्हा तयार होत आहेत, काही राज्यांत मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून त्यांचे पैसेही मिळतात. त्यातल्या अनेक जणी ग्रॅनींचं नाव घेऊनच काम सुरू करतात.

प्रश्नचिन्ह

याला माझी ना नाही. लाल पिशवीवरचं मत कायम.

मीठमोहरी

असू दे कायम. :) कप्पे पाडणाऱ्यांत मी सगळ्या संग्राहकांना एका ओळीत बसवलं होतं, त्यातून आडवाट यांनी हर्स्टनला बाहेर काढलं हे आवडलं. थांबून_वाचते यांचा मुद्दा तर माझ्या ध्यानीमनी नव्हता. औषधाला जादू समजलं जाणं हे त्या बायकांनाच सोयीचं असेल, तर कप्पे 'नसणं' हा काही वेळा त्यांचा डाव होता. आता सेंट हेलेना बेटावर पेन सेंटर बघायला जाणार आहे. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६२ मध्ये सुरू झालेली शाळा होती ती. 'लाइफ एव्हरलास्टिंग' नावाचा रानपाला इकडे अजून सर्दीवर चहात उकळतात म्हणे. मिळाला तर फोटो टाकेन.

नवीन_सभासद_सातारा

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते. उशिरा विचारते, राग नसावा. माझी बहीण जॉर्जियात असते, दिवस गेलेत. तिला माती खावीशी वाटते. तिथल्या एका दुकानात पांढऱ्या मातीचं पाकीट मिळालं आणि दुकानातली काळी आजी म्हणाली, आमच्या आया-आज्या सगळ्या खायच्या, खा. हेही याच परंपरेतलं का? खाल्ली तर चालेल का?

सुईणीची_नात

हो, त्यातलंच. मध्य जॉर्जियात केओलिन म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या मोठ्या खाणी आहेत आणि गरोदरपणी ती खाण्याची चाल आफ्रिकेतून आलेली आहे. मळमळ थांबते असं त्या बायका सांगतात. पाकिटाची मागची बाजू बघायला सांग, बहुधा 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं असेल.

खाऊ नये. माती पोटातलं लोह धरून ठेवते, ते रक्तात जाऊ देत नाही. आणि माती खावीशी वाटणं हेच अनेकदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. पुढच्या तपासणीला जाईल तेव्हा डॉक्टरला हे स्पष्ट सांगायला सांग, लाजू नकोस म्हणावं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही बघून घ्यायचं. रिपोर्ट आला की इथे नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.